झोका घ्या, वजनदार रजई राहू द्या: नागपूरच्या घरात कोणतं सेन्सरी सामान कामाचं?

लायक्राचा झोका, वजनदार रजई, कानावरचे ईअरमफ, चावायचं सिलिकॉनचं लॉकेट आणि अंगावर फिरवायचा मऊ ब्रश. मूल ओटीला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीला, जायला लागलं की पालकांच्या ऑनलाइन खरेदीत हे पाच जिन्नस हमखास येतात. त्यांतला एकच घ्यायचा तर झोका घ्या. आवाजाने मूल हैराण होत असेल तर ईअरमफ. रजईवर नागपूरच्या हवेत पैसे घालू नका. ब्रश तर थेरपिस्टने समोर बसून शिकवल्याशिवाय घरात आणूच नका.

आधी एक गोष्ट. ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ (आवाज, स्पर्श, हालचाल यांसारख्या संवेदना हाताळण्यातली अडचण) हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2012 मध्ये सांगितलं आणि सेन्सरी पद्धतीच्या उपचारांवरचं संशोधन मर्यादित असल्याचंही नमूद केलं. पुढच्याच वर्षी आलेल्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत मात्र आवाज, स्पर्श, हालचाल यांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या लक्षणांत धरलं गेलं. म्हणजे मुलाचा त्रास खरा आहे, पण कोणतीही एक वस्तू त्याचा इलाज नाही. वस्तू दिवसातला एखादा अवघड तास सोपा करते. इथली सगळी परख त्याच मापाने केली आहे.

झोका

बाजारातला लायक्रा झोका म्हणजे नायलॉन-स्पँडेक्सचं साधारण 1 मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर लांब कापड. ते मधोमध दुमडून दोन्ही टोकं एका कडीत अडकवायची. मूल त्यात केळीच्या कोक्यासारखं गुंडाळून बसतं. झोक्यातून दोन गोष्टी एकदम मिळतात: कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हालचाल, आणि चारही बाजूंनी अंगाला घट्ट दाब. साध्या पाटाच्या झोक्यात दाब नसतो, रजईत हालचाल नसते. म्हणूनच तो पहिल्या नंबरावर.

कापड तपासायचं ते असं. रुंदीकडून ओढून बघा, भरपूर ताणलं पाहिजे. लांबीकडून ओढा, जवळजवळ ताणलंच नाही पाहिजे. स्वस्त झोक्यांत चारही बाजूंनी ताणलं जाणारं कापड असतं. मूल बसलं की ते खाली खाली जातं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बूड जमिनीला टेकतं. शिवणीवर दोन समांतर ओळी हव्यात आणि टोकाच्या पट्ट्यावर इंग्रजी एक्सच्या आकाराची फुली मारलेली हवी. नुसती सरळ एकेरी शिवण असेल तर परत पाठवा. सोबत येणाऱ्या कॅराबिनरवर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवर, ‘केएन’ (किलोन्यूटन) हे अक्षर आणि आकडा कोरलेला असतो. 1 केएन म्हणजे ढोबळमानाने 100 किलोची ओढ. 22 किंवा त्याहून जास्त आकडा असलेला, स्क्रूने बंद होणारा स्टीलचा कॅराबिनर घ्या. ज्यावर काहीच कोरलेलं नाही तो किल्ल्या अडकवायला वापरा. लावताना स्क्रू खालच्या दिशेला बंद होईल असा लावा. हलून हलून तो सैल पडत गेला तर वरच्या दिशेला बंद होणारा उघडत जातो.

खरी अडचण टांगण्याची आहे आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. पहिली चूक पंख्याच्या हुकाची. पंख्याचं वजन तीन-चार किलो, तेही एकाच जागी फिरणारं. झोक्याचं गणित वेगळं आहे. 25 किलोचं मूल उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत वर जाऊन खाली आलं, की सर्वांत खालच्या बिंदूला हुकावर 50 किलोची ओढ येते. 90 अंशांवरून आलं तर 75 ची. धावत येऊन उडी टाकली तर त्याहूनही जास्त, आणि मुलं उडी टाकतातच. शिवाय पंख्याच्या हुकाशेजारी विजेची पेटी असते. म्हणून हुक वेगळाच हवा आणि तो बसणाऱ्याच्या वजनाच्या निदान पाच पट ओढ सहज सोसणारा हवा. मोठी बहीण किंवा आई झोक्यात बसणार असेल तर त्यांचं वजन धरा.

दुसरी चूक पीओपीच्या फॉल्स सीलिंगची. त्याला काहीही टांगता येत नाही. पीओपी कापून फास्टनर, म्हणजे भोकात फुलून पकड घेणारा बोल्ट, वरच्या स्लॅबमध्येच गेला पाहिजे. चार भोकांची स्टीलची प्लेट आणि अँकर फास्टनर इतवारीत लोहाओळीच्या हार्डवेअर दुकानांत मिळतात. फास्टनरच्या डब्यावर ज्या मापाचा बिट लिहिला असेल तोच वापरायचा; ‘जरा मोठा चालतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला थांबवा. प्लॅस्टरची जाडी धरू नका, पकड फक्त काँक्रीटमध्ये असते. भोक पाडल्यावर आतली धूळ फुंकून आणि ब्रशने पूर्ण काढावी लागते. धूळ राहिली तर फास्टनर फुलतो पण भोकाच्या कडेला चावत नाही, आणि नट आवळताना तो आपणहून बाहेर सरकायला लागतो. असं झालं तर तो आणखी आवळू नका, जागा बदला. पंखा आणि स्विचबोर्ड यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर भोक नको, कारण स्लॅबमधून वायरचा पाइप बहुधा त्याच वाटेने गेलेला असतो. वरच्या मजल्यावर ओल येऊन छताला फुगे किंवा गंजाचे तांबडे डाग आले असतील तर त्या खोलीत झोका टांगायचाच नाही.

पण नागपुरात आणि एकूण विदर्भात पुष्कळ घरी याचं उत्तर आधीच छतात असतं. बंगईच्या, म्हणजे घरातल्या पाटाच्या झोपाळ्याच्या, कड्या. स्लॅब घालतानाच सळईला अडकवून ओतलेली कडी नंतर मारलेल्या कोणत्याही फास्टनरपेक्षा भरवशाची. महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांत ती सागाच्या तुळईला असते. तिथे तुळईला वाळवी नाही ना, एवढं टोकदार पेचकसाने टोचून बघा. चार कड्यांपैकी दोन कड्यांना झोक्याचं एकेक टोक बांधलं तर तो गोल फिरत नाही, फक्त पुढे-मागे जातो. सुरुवातीला हेच हवं असतं. कापड मात्र दोन कड्यांत पसरून उथळ होतं आणि दाब कमी होतो. तो परत आणायला मुलाच्या डोक्याच्या जरा वर दोन्ही पट्टे एका जाड दोरीने एकत्र बांधा.

भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर दाराच्या चौकटीत दाबून बसवायचा रॉड घेऊ नका. हलत्या ओढीखाली तो सरकतो. वेल्डिंगवाल्याकडून ए-आकाराचा लोखंडी स्टँड बनवून घ्या. पायांचा पसारा उंचीइतका ठेवा, खाली रबरी बूट, आणि पुढचे-मागचे पाय आडव्या पाइपने जोडलेले. जागा फार जाते, हे खरं.

पुढे आणि मागे तीन-तीन फूट, बाजूंना दोन फूट मोकळं सोडा. मूल बसल्यावर झोक्याचा तळ जमिनीपासून साधारण एक फूट वर असावा. खाली कापसाची गादी, आणि गादीखाली न घसरणारी रबरी जाळी, कारण व्हिट्रिफाइड टाइलवर गादी झोक्याच्या पहिल्याच हेलकाव्याला निघून जाते.

पट्टा लांब ठेवणं बरं. वरच्या हुकापासून मुलापर्यंत 2 मीटर अंतर असेल तर एक पूर्ण हेलकावा जवळजवळ 2.8 सेकंदांचा होतो. 1 मीटर असेल तर 2 सेकंदांचा. लांब, संथ हेलकावा शांत करतो. आखूड, झटके देणारा हेलकावा मुलाला आणखी चेतवतो. अभ्यासाला बसण्याआधी किंवा झोपण्याआधी झोका द्यायचा असेल तर हा फरक फार मोठा आहे, आणि ‘झोका आणला पण मूल आणखीच उधळतं’ या तक्रारीमागे बरेचदा आखूड पट्टा किंवा गोल फिरणं असतं.

गोल फिरण्याबद्दल सावध राहा. सेटमध्ये फिरती कडी येते आणि मुलांना ती फार आवडते. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव एकसारखं फिरत राहिल्यावर काही सेकंदांत नळीच्याच वेगाने फिरू लागतो, आणि मग मुलाला फिरल्याची जाणीवच कमी होते. म्हणून ते ‘अजून, अजून’ म्हणतं. थांबवलं की द्रव पुढे जात राहतो आणि खरी उलथापालथ तेव्हा होते. चेहरा पांढरा पडणं, घाम, उगाच जांभया, पोटात ढवळणं, विनाकारण हसू न आवरणं, ही थांबण्याची चिन्हं. ती थोड्या उशिरानेही दिसतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फिरवणं पूर्ण टाळा. पुढेही एका दिशेने आठ-दहा फेऱ्या, थांबा, मग दुसऱ्या दिशेने तेवढ्याच. नंतर लगेच दोन्ही हातांनी भिंत ढकलायला किंवा पाण्याची भरलेली कळशी उचलून स्वयंपाकघरात न्यायला सांगा. जड काम करणाऱ्या स्नायूंची जाणीव मुलाला परत जागेवर आणते. फिट येणाऱ्या मुलाला, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोक्यात बसवू नका. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो.

पहिल्यांदा 5 मिनिटं पुरे. आपण ढकलायचं नाही. मुलाने जमिनीवर पाय रेटून स्वतः झोका घ्यायचा. स्वतः घेतलेल्या हालचालीचा उपयोग वेगळाच असतो. अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी साठ-सत्तरच्या दशकांत मांडलेल्या सेन्सरी इंटिग्रेशनच्या पद्धतीत मूल स्वतःहून काही करू बघतं, यालाच मध्यवर्ती जागा आहे.

उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला असताना दुहेरी नायलॉनच्या थैलीत मुलाला गुंडाळणं धोक्याचं आहे. एकेरी कापडाचा झोका घ्या, तोंड उघडं राहील असाच बसवा, वेळ सकाळी सातच्या आत किंवा रात्री कूलर लावल्यावर. नाहीतर एप्रिल ते जून सुती नऊवारीची झोळी टांगा. तिचा दाब कमी, पण हवा खेळती राहते. कॉटन-लायक्राचं होजिअरी कापड गांधीबागेत मीटरवर मिळतं, पण त्याचा झोका घरी शिवू नका. कापड चांगलं निघतं, पट्ट्याची शिवण घरच्या मशीनवर भार सोसण्याएवढी होत नाही.

वजनदार रजई

कल्पना चांगली आहे. खोल दाबाने अनेकांना शांत वाटतं, यात शंका नाही. झोपेचा दावा मात्र टिकत नाही. ब्रिटनमध्ये झोपेचा त्रास असलेल्या ऑटिस्टिक मुलांवर चाचणी झाली. 2014 मध्ये 67 मुलांच्या नोंदींवरून आलेला तिचा निष्कर्ष असा की वजनदार पांघरुणाने झोपेची वेळ वाढली नाही, मूल लवकरही झोपलं नाही. मुलांना आणि पालकांना ते साध्या पांघरुणापेक्षा आवडलं, एवढंच.

नागपुरात तर वर्षातले आठ महिने अंगावर चादरही नको होते. पाच किलोची काचेच्या मण्यांची रजई घामाने भिजली की धुवायची कशी, हा पुढचा प्रश्न. घरातल्या मशीनला तो भार झेपत नाही आणि पावसाळ्यात ती आतून वाळत नाही. चार दिवसांत कुबट वास येतो. वासाला संवेदनशील मूल मग तिला हातही लावत नाही.

आणि सुरक्षा. 2008 मध्ये कॅनडाच्या क्युबेकमध्ये शाळेत वजनदार पांघरुणात गुंडाळलेल्या ऑटिस्टिक मुलाचा मृत्यू झाला होता. 2022 मध्ये अमेरिकेत चेन उघडता येणाऱ्या खोळीत शिरून 4 आणि 6 वर्षांच्या दोन मुली गुदमरल्या, आणि ती पांघरुणं परत मागवण्यात आली. घरी आधीच घेतलेली असेल तर हे पाळा: मुलाला ती स्वतः एका हाताने दूर करता आली पाहिजे, डोकं कधीही झाकायचं नाही, चेनची खोळ शिवून बंद करायची, आणि झोप लागली की काढून ठेवायची. ‘मुलाच्या वजनाच्या दहा टक्के’ हा नियम सगळे सांगतात. तो सोयीचा अंदाज आहे, पक्कं माप नव्हे.

दाबच हवा असेल तर सतरंजी आहे. मुलाला खांद्यापासून पायांपर्यंत सतरंजीत पोळीसारखं गुंडाळा, डोकं बाहेर, आणि वरून उशीने पाठ, मांड्या, पोटऱ्या दाबत जा. दोन मिनिटं, मूल ‘बस’ म्हणेपर्यंत. कणीक तिंबायला देणं, गादी ओढून नेणं, दोन्ही हातांत लिटर-लिटरच्या बाटल्या घेऊन जिना चढणं, यांतही तोच दाब सांध्यांना मिळतो, तोही बिनपैशाने.

ईअरमफ, आणि कूलर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग दिवाळी. मोठ्या आवाजाने कळवळणाऱ्या मुलासाठी नागपूरचा हा काळ कठीण असतो. ईअरमफ इथे मनापासून सुचवण्यासारखे आहेत. पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर चा आकडा, म्हणजे आवाज किती डेसिबलने अडतो ते, बघा. 22 ते 27 पुष्कळ झाला. प्रत्यक्षात आवाज त्याहून कमीच अडतो, कारण चष्म्याची काडी, केसांची वेणी किंवा टोपी यांनी गादी कानाभोवती पूर्ण बसत नाही. मोठ्यांच्या मापाचे मुलाला लावून उपयोग नाही. गादी रेक्झिनची असेल तर घामाने कातडी लाल होते. तिच्यावर जुन्या सुती बनियनच्या कापडाची पातळ खोळ चढवा. जाड कापड नको, आवाज आत येतो.

ढोल ऐकू आल्यावर नव्हे, घरातून निघतानाच लावायचे, आणि गल्ली ओलांडली की काढायचे. दिवसभर लावून ठेवले तर कान शांततेला सरावतो आणि कुकरची शिटीसुद्धा सोसत नाही. गोंगाट नियमानुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी, काही सणांना सरकार देतं त्या सवलतीचे दिवस सोडून. तक्रार करायची वेळ आली तर हे आकडे हाताशी असू द्या.

घरातला सर्वांत लांब चालणारा आवाज मात्र कूलरचा, आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. एकसुरी घुरघुर पुष्कळ मुलांना चालते. त्रास देतो तो पत्र्याचा थरथराट. स्टँडच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा, खिडकीची चौकट आणि कूलर यांच्या फटीत फोम भरा, पंख्याची पाती पुसा; एका पात्यावर धूळ-क्षार जास्त जमले की तोल जाऊन खडखड सुरू होते. हंगामाच्या सुरुवातीला नव्या ताट्यांचा ओला वास काही मुलांना उलटी येईपर्यंत झोंबतो. ताट्या आधी एक दिवस बाहेर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या. वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध मोठ्यांना आवडतो, मुलाला विचारून बघा.

बाकीचं

चावायचं लॉकेट शर्टाची कॉलर आणि पेन्सिल कुरतडणाऱ्या मुलाला खरंच उपयोगी. फूडग्रेड सिलिकॉन, आणि ओढल्यावर आपोआप सुटणारी गळ्यातली कडी, या दोन गोष्टींशिवाय घेऊ नका. मागच्या दाढांनी चावणारं मूल मऊ लॉकेट काही आठवड्यांत फाडतं. त्याला कडक प्रकार लागतो. रोज रात्री धुताना चीर दिसली की त्याच दिवशी फेका. ताक अरुंद स्ट्रॉने ओढणं, शिळी ज्वारीची भाकरी, गाजराच्या लांब फोडी, हेही जबड्याला तसंच काम देतात.

ब्रशचा कार्यक्रम दर दोन तासांनी ठरावीक दाबाने आणि ठरावीक दिशेने करायचा असतो, नंतर सांध्यांना दाब द्यायचा असतो. पोट, छाती, चेहरा सोडायचा असतो. चुकीच्या हलक्या हाताने गुदगुल्या होऊन मूल आणखी बिथरतं. पुरावाही तोकडा आहे.

स्पर्श टाळणाऱ्या मुलासाठी मण्या-वाळूच्या महागड्या ट्रेऐवजी संत्रं आणा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, अंगठ्याने एकदा भोक पाडलं की दोन्ही हात कामाला लागतात. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबरपासून, मृगाची फेब्रुवारीपासून येतात. आधी वाळलेली साल हातात द्या, मग अर्धं सोललेलं फळ, मग अख्खं. सालीचा फवारा डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा.

यांतलं काहीही घेण्याआधी एकदा मूल्यमापन करून घ्या. मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आणि महाविद्यालयीन शिक्षण दोन्ही आहे. खासगी सेंटरला गेलात तर थेरपिस्टचा राज्याच्या ओटी-पीटी परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात गैर काही नाही. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीचं प्रमाणपत्र असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. सामानाचा मिळत नाही.

जुना झोका पालकांच्या ग्रुपवर निम्म्या किमतीत मिळतो आणि घ्यायला हरकत नाही. कापड उजेडासमोर धरून बघा. ताणून विरलेल्या जागी प्रकाश जास्त येतो. कॅराबिनर आणि हुक एकमेकांवर घासून खाच पडली असेल तर दोन्ही नवे घ्या. पट्टे उन्हात राहून फिके आणि कडक झाले असतील तर नायलॉनची ताकद गेलेली असते, असा झोका फुकटही घेऊ नका. टांगल्यावर आधी वाळूची गोणी किंवा तांदळाची दोन पोती टाकून रात्रभर ठेवा, सकाळी प्लेटभोवती प्लॅस्टरला चीर दिसते का बघा, आणि मगच मुलाला बसवा.